गाण्याच्या शिक्षकांची असोसिएशन, व्हॉइस ट्रेनिंग आणि बाकी भानगडी: नागपुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात घरीच गाण्याचा क्लास घेते, वीसेक वर्षं झाली. आम्ही काही गाणं शिकवणारे लोक महिन्यातून एकदा भेटतो, हे कळल्यापासून फोन सुरू झाले, कोणी विचारतं तुमची असोसिएशन रजिस्टर आहे का, कोणी विचारतं सर्टिफिकेट मिळतं का, एका काकूंनी तर विचारलं की तुम्ही सगळे मिळून फी वाढवून राहिले का. तेच तेच उत्तर दहादा देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

असोसिएशन म्हणजे नेमकं काय? क्लासच ना?

नाही. क्लासमध्ये विद्यार्थी शिकतो आणि परीक्षा मंडळ त्याची परीक्षा घेतं. असोसिएशन असते शिकवणाऱ्यांची, म्हणजे जसा वकिलांचा बार, डॉक्टरांची आयएमए, तशी. तिथे शिक्षक एकमेकांना भेटतात, नवीन काय कळलं ते सांगतात, वर्कशॉप घेतात, वागायचे नियम ठरवतात. आपल्याकडे लोक या तिन्ही गोष्टी एकात एक करतात, त्याला कारणही आहे, ते खाली येईल.

गाणं शिकवायला लायसन लागतं का?

नाही बाप्पा. बाल्कनीला बोर्ड लावा, पेटी मांडा, झाले तुम्ही गुरुजी. खाजगी गाणं शिकवण्यासाठी आपल्याकडे ना कुठलं सरकारी लायसन आहे ना कुठली कौन्सिल. शाळा कॉलेजात नोकरी पाहिजे असेल तर तिथली पात्रता वेगळी, पण घरच्या क्लासला कोणी विचारायला येत नाही. याचा फायदा असा की ज्याच्याकडे कागद नाही पण विद्या आहे असा माणूस शिकवू शकतो, आणि आपल्याकडचे किती तरी मोठे गुरू असेच होते. तोटा असा की यूट्यूब पाहून तीन महिन्यांपूर्वी शिकलेला माणूसही आठ वर्षांच्या पोरीला 'जोरात गा, पोटातून काढ' म्हणत बसतो आणि त्याला थांबवणारं कोणी नसतं.

भारतात गाण्याच्या शिक्षकांची अशी काही जुनी संस्था आहे का?

आहे, आणि तुम्ही तिच्या परीक्षा दिल्या असतील, फक्त तिला असोसिएशन म्हणून पाहिलं नसेल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या घरी राहा, सेवा करा, मर्जी असेल तर मिळेल. यांनी वर्ग भरवले, अभ्यासक्रम केला, पुस्तकं छापली आणि मुख्य म्हणजे शिकवणारे लोक तयार करून गावोगाव पाठवले. 1931 ला ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. म्हणजे मुळात हे शिक्षकांनीच बांधलेलं मंडळ. पुढे परीक्षांचा व्याप एवढा वाढला की आज आपल्याला मंडळ म्हटलं की फॉर्म, हॉल तिकीट आणि परीक्षा केंद्रच आठवतं. मंडळाचं 'संगीत कला विहार' हे मासिक आहे, जुने अंक कुठे रद्दीत दिसले तर सोडू नका, शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिलेलं असं वाचायला दुसरीकडे फार मिळत नाही.

मग परदेशातल्या संस्था वेगळं काय करतात?

अमेरिकेत नॅट्स म्हणून आहे, नॅशनल असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ सिंगिंग, 1944 ची. इंग्लंडमध्ये एओटॉस आहे, असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ सिंगिंग, 1975 ची. युरोपात वेगवेगळ्या देशांच्या संघटना मिळून एक मोठी संघटना आहे, तिचं नाव एव्टा. शिवाय ब्रिटिश व्हॉइस असोसिएशनसारख्या संस्थांमध्ये गाण्याचे शिक्षक, घशाचे डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट एकाच खोलीत बसतात. हे मला सगळ्यात भारी वाटतं, कारण आपल्याकडे गुरुजी डॉक्टरला नावं ठेवतात, डॉक्टर म्हणतो गाणं बंद करा, आणि पोरगी दोघांच्या मधात रडून राहिली असते.

नॅट्सचं जर्नल वर्षातून पाच वेळा निघतं. त्यांची आचारसंहिताही आहे, त्यात एक नियम असा की दुसऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी आमिष दाखवून किंवा आडून टोमणे मारून ओढायचे नाहीत. वाचलं तेव्हा हसूच आलं, म्हटलं ही बिमारी तिकडेही आहे तर!

इथून नागपुरातून त्यांचं मेंबर व्हावं का?

तुम्ही वेस्टर्न व्होकल शिकवत असाल, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळांच्या ग्रेड परीक्षांना मुलं बसवत असाल तर विचार करा. फी डॉलरमध्ये किंवा पाउंडात जाते, आणि त्यांचं बरंचसं बोलणं ऑपेरा, म्युझिकल थिएटर, कॉयर यावर असतं. आपलं ख्यालाचं शिक्षण, आ-कार, मींड, तीन सप्तकातली तान हे तिथे फार येत नाही. पण घसा सगळ्यांचा सारखाच आहे. त्यामुळे आवाजाच्या आरोग्यावरचे त्यांचे फुकट लेख नि व्हिडिओ आधी पाहा, उपयोग वाटला तर मग पैसे भरा.

मेंबर झालं की नावापुढे काही लावता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगू, मला याचाच राग येतो. मेंबरशिप म्हणजे डिग्री नाही. फी भरून, अटी पूर्ण करून तुम्ही सभासद झालात, एवढाच त्याचा अर्थ. 'आंतरराष्ट्रीय संस्थेकडून प्रमाणित' असं बॅनरवर छापलं तर ते लोकांना फसवणं झालं. दुसरं म्हणजे आजकाल व्हॉट्सअॅपवर येतं ना, 'आपली निवड संगीतरत्न पुरस्कारासाठी झाली आहे, नोंदणी शुल्क इतके इतके', त्यात पडू नका. मी पडले होते, एकदा. मोमेंटो आला, माझं नाव चुकलेलं. आता त्याला दाराला अडकण म्हणून लावते.

खरी संस्था ओळखायची कशी? घटना आहे का, निवडणूक होते का, हिशोब सभासदांना दाखवतात का, आणि तक्रार आली तर तिचं काय करतात, हे विचारा. उत्तर देताना समोरचा चिडला तर समजून जा.

मी घराण्यात शिकलोय, माझे गुरू आहेत. मला असोसिएशन कशाला?

प्रश्न चांगला आहे, आणि विचारणारे बहुतेक वेळा माझ्यापेक्षा जास्त शिकलेले असतात. गुरू जे देतो ते असोसिएशन देऊ शकत नाही, यात वादच नाही. राग कसा उभा करायचा हे काही मीटिंगमध्ये ठरत नसते. पण गुरूंनी तुम्हाला गायला शिकवलं, शिकवायला शिकवलंच असं नाही. तुमचा आवाज त्यांच्या आवाजाशी जुळला म्हणून तुम्ही टिकलात, ज्यांचा नाही जुळला ते सोडून गेले, त्यांचं काय झालं हे कोणी मोजलं नाही. आता तुमच्याकडे चाळीस मुलं आहेत आणि चाळीस गळे आहेत. त्यातली एक पोरगी मंद्रात, म्हणजे खालच्या सुरांत, गेली की आवाज घोगरा होतो, का होतो तुम्हाला कळत नाही, गुरुजी हयात नाहीत, विचारणार कोणाला?

आणि आपल्याच गायक वसंतराव देशपांड्यांचं पाहा ना. जन्म मूर्तिजापूरचा, नागपुरात वाढले, लहानपणी इथेच शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. पुढे लाहोरला असद अली खां, मुंबईला भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खां, सुरेशबाबू माने, जिथे जे मिळालं ते घेतलं, मिलिटरी अकाउंट्सची नोकरी सांभाळून. त्यांच्या नावाच्या सिव्हिल लाइन्समधल्या हॉलमध्ये आपण कार्यक्रम ऐकायला जातो आणि घरी येऊन म्हणतो की आम्ही दुसऱ्याच्या क्लासकडे पाहतसुद्धा नाही!

व्हॉइस ट्रेनिंग आणि गायन एकच का?

नाही, पण भांडणही नाही. गायनात तुम्ही राग, ताल, बंदिश, भाव शिकता. व्हॉइस ट्रेनिंग म्हणजे ज्या वाद्यावर हे सगळं वाजवायचं ते वाद्य कसं चालतं ते शिकणं. श्वास, स्वरयंत्र, तोंडाची पोकळी, जबडा, जीभ. आपल्याकडे खर्ज, ओंकार, पलटे होतेच की. फक्त का करायचं हे कोणी सांगत नव्हतं आणि विचारलं तर डोळे वटारत.

आणि हे काही कालचं परदेशी फॅड नाही. विष्णु दिगंबरांचेच शिष्य, कुमार गंधर्वांचे गुरू, प्रा. बी. आर. देवधर यांनी कितीतरी आधी आवाजाच्या शास्त्रावर मनापासून काम केलं, पुढे संगीताचे अभ्यासक अशोक रानड्यांनी ते चालवलं. दोघेही मराठी माणसं, तरी आपल्या पोरांना 'व्हॉइस कल्चर' शब्द इंस्टाग्रामच्या रीलवरून कळतो.

एक आकडा सांगते, तो मुलांना फार आवडतो. काळी चारच्या पट्टीत, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून, गाणारी पोरगी मध्य सप्तकातला सा लावते तेव्हा तिच्या घशातल्या स्वरपट्ट्या (व्होकल कॉर्ड्स) सेकंदाला साधारण 208 वेळा एकमेकींना भिडतात. तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, लावला की त्याच्या दुप्पट. एका तासाच्या रियाजात किती टाळ्या झाल्या तुम्हीच मोजा. आता हे भिडणं जर जोर लावून, घसा आवळून होत असेल तर तिथे सूज येणार, पुढे गाठी होणार. तळहातावर घट्टे पडतात ना, तसंच.

मुलाचा आवाज फुटून राहिला, क्लास बंद करायचा का?

बंद नका करू. पूर्वी सांगायचे की या वयात गाणंच नको, आणि त्यात किती पोरं कायमची सुटली. साधारण 12 ते 15 वर्षांत मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरपट्ट्या लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली जातो. म्हणजे काल काळी पाचमध्ये गाणारा पोरगा आज तिथे सा लावायला जातो आणि आवाज चिरकतो, मग वर्गातल्या मुली हसतात आणि पुढच्या आठवड्यापासून त्याचं पोट दुखायला लागतं.

करायचं एवढंच की गाण्याची पट्टी दर महिन्याला तपासायची, जेवढे पाच सहा स्वर आरामात लागतात तेवढ्यात गाऊ द्यायचं, जोर नाही, स्पर्धा नाही. त्या काळात तालाचं, लयीचं, ऐकण्याचं काम जास्त करा. मी अशा मुलांना तानपुरा जुळवायला बसवते. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, दोन तीन स्वरांनी खाली येतो, श्वास मिसळल्यासारखा होतो, पण ते ठळक दिसत नाही म्हणून कोणी लक्षच देत नाही.

आणि गणपतीतल्या स्पर्धेसाठी हट्ट करणाऱ्या आईबाबांना सरळ नाही म्हणा. मी एकदा नाही म्हणू शकले नव्हते. त्या मुलानं तार सप्तक ओढून गायलं, बक्षीसही आणलं, पण पुढे तीन महिने त्याला नीट बोलता येत नव्हतं. चूक माझीच होती, आणि तेव्हा फोन करून विचारावं असं एकही माणूस माझ्याकडे नव्हतं. आमच्या भेटी त्यानंतर सुरू झाल्या.

घसा बसला तर किती दिवस वाट पाहायची?

सर्दी झाली, ओरडलं, मॅच पाहिली, अशा कारणाने बसला तर आठ दहा दिवसांत सुटतो. दोन तीन आठवडे झाले तरी घोगरेपणा जात नसेल तर कान नाक घशाच्या डॉक्टरकडे जा आणि दुर्बिणीने स्वरपट्ट्या पाहायला सांगा, नुसतं टॉर्च मारून 'आ' करून काही दिसत नाही. त्या काळात कुजबुजून बोलू नका, लोकांना वाटतं त्यानं आराम मिळतो, पण त्यानंही ताण येतो. सारखं खाकरणंही नको.

नागपूरचे म्हणून दोन त्रास वेगळे. एक, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आपण कूलर लावतो, त्याचा एवढा आवाज की शिक्षक दोन तास त्याच्यावरून ओरडून शिकवतो, मुलं त्याच्यावरून ओरडून गातात, आणि कूलरच्या जुन्या गवती ताट्यांची धूळ वेगळीच. क्लासच्या वेळी कूलर दाराबाहेर ठेवा किंवा कमी स्पीडवर. दुसरं सावजी. मला कोणी सावजी सोडायला सांगितलं तर मी गाणं सोडीन, पण रात्री अकराला तर्री ओरपून लगेच आडवं झालं की ॲसिड वर घशापर्यंत येतं आणि सकाळच्या रियाजाला आवाजच नसतो. खा, पण झोपण्याच्या तीन तास आधी.

विशारद म्हणजे बी.ए. का? आणि दहावीत मार्क मिळतात म्हणे?

विशारद ही गांधर्व मंडळाची परीक्षा. मंडळ विद्यापीठ नाही, त्यामुळे विशारद म्हणजे विद्यापीठाची पदवी नाही. काही ठिकाणी समकक्ष धरतात, काही ठिकाणी नाही, नोकरीची जाहिरात नीट वाचा. पदवीच हवी तर विद्यापीठातून करा, नाहीतर खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, 1956 चं, हावडा लाइनच्या गाडीने डोंगरगडला उतरायचं, पुढे रस्त्याने. दहावीला शास्त्रीय कलांच्या ठरलेल्या परीक्षा पास असतील तर वाढीव गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत जातो. जानेवारीत धावपळ करत माझ्याकडे येऊ नका, शाळेच्या ऑफिसात दिवाळीआधी विचारा.

असोसिएशन फी ठरवून देते का?

नाही, आणि द्यायलाही नको. सगळ्यांनी मिळून 'यापेक्षा कमी घ्यायची नाही' असं ठरवणं स्पर्धा कायद्यात अडचणीचं ठरतं, त्या कायद्याखाली काही व्यवसायांच्या संघटनांना दंड झालेला आहे. आम्ही फक्त गप्पा मारतो की सुट्टी पडली तर पैसे कापायचे का, महिन्याच्या मधात सोडलं तर काय, लेखी द्यायचं की तोंडी. याच गप्पांतून मी माझे नियम एका पानावर लिहून पालकांना द्यायला लागले आणि निम्मी कटकट संपली.

लहान मुलांच्या बाबतीत काही नियम हवेत का?

हवेत आणि यात भीड नको. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, 2012 पासून आहे. श्वास शिकवताना पोटाला, पाठीला हात लावण्याची आपल्याकडे सवय आहे. लावूच नका, मुलाला स्वतःचा हात ठेवायला सांगा, तेवढंच कळतं. खोलीचं दार उघडं, आई किंवा बाबा बाहेर बसू शकतील अशी जागा, एकट्या मुलाला उशिरापर्यंत थांबवायचं नाही, रात्री मेसेज नाही. गुरुशिष्य परंपरेच्या नावाखाली 'आमच्यात असं विचारत नाहीत' असं कोणी म्हणत असेल तर पालकांनी तो क्लास सोडावा, मग गुरुजी कितीही मोठे असोत.

गायकांना रॉयल्टी मिळवून देणारी संस्था हीच का?

ती नाही. गायक वादकांच्या हक्कांसाठी इस्रा निघाली, तिलाच आता इसाम्रा म्हणतात. गीतकार संगीतकारांसाठी आयपीआरएस, 1969 ची. शिकवण्याशी त्यांचा संबंध नाही.

ऑनलाइन शिकवताना सूर का जुळत नाही?

कारण आवाज जायला यायला वेळ लागतो, एकत्र गाणं होतच नाही, प्रयत्नही करू नका. तुम्ही गा, थांबा, मग त्यांना गाऊ द्या, तानपुरा त्यांच्याच फोनवर किंवा दुसऱ्या मोबाइलवर लावायला सांगा. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, नाहीतर तो लांबवलेला सा गोंगाट समजून कापतो. माझी अमेरिकेतली एक विद्यार्थिनी सहा महिने बेसूर वाटत होती, बिचारी सुरात होती.

नागपुरात आपण अशी रजिस्टर संस्था काढू शकतो का?

काढू शकतो. सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट 1860 खाली किमान सात सभासद लागतात, महाराष्ट्रात त्याच सोबत सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी होते, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. मग दरवर्षी ऑडिट, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज, सभेची इतिवृत्तं. हे करणारा एक माणूस पक्का असेल तरच करा, गाणाऱ्यांमध्ये असा माणूस सापडणं कठीण. मी पाहिलेल्या एका मंडळात पहिल्या वर्षी अध्यक्ष कोण यावर भांडण, दुसऱ्या वर्षी सत्काराच्या शालींचा हिशोब, तिसऱ्या वर्षी फक्त लेटरहेड उरलं.

आम्ही अजून रजिस्टर केलेलं नाही. आधी सवय लागू द्या म्हटलं.

तुमच्या भेटीत होतं काय? मी येऊ का?

या की. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, आळीपाळीने कोणाच्या तरी घरी. तर्री पोहे ज्याचं घर त्याच्याकडे. एक जण आपली अडचण मांडतो, बहुतेक वेळा विद्यार्थ्याचं रेकॉर्डिंग त्याच्या पालकांना विचारून आणलेलं असतं, नाव न सांगता ऐकवतो, बाकीचे बोलतात. शास्त्रीयवाले, सुगमवाले, कराओके शिकवणारा एक पोरगा, भजनी मंडळ चालवणाऱ्या दोन ताई, खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं शिकवणारे एक काका, सगळे असतात. काकांनी एकदा उघड्या मैदानात माइकशिवाय आवाज कसा फेकायचा ते करून दाखवलं, आमच्यातल्या अलंकार ही मंडळाची वरची परीक्षा झालेल्या दोन बायका वही काढून लिहून घेत होत्या. 16 एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो, त्या आसपास आम्ही ओळखीच्या घशाच्या डॉक्टरांना बोलावतो, ते स्वरपट्ट्यांचे व्हिडिओ दाखवतात, पाहून पहिल्यांदा सगळे गप्प होतात.

नियम दोनच आहेत. गैरहजर शिक्षकाबद्दल बोलायचं नाही, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकायचं नाही. दुसरा नियम अजून कोणी पाळलेला नाही. तानपुरा आणू नका, पेटीही नको, ज्याच्या घरी भेट असते त्याच्याकडे असतेच. चपला मात्र ओळखीच्या घालून या, मागच्या वेळी माझी एक बदलून गेली.